निखाऱ्यावर बिडाचं भांडं: आच कशी सांभाळायची

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा किंवा कढई घेऊन मुक्कामाला जाणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: मध्ये करपलं आणि कडेला कच्चं राहिलं. दोष तव्याला दिला जातो, पण तवा निर्दोष असतो. भांडं ज्वाळांवर ठेवलेलं असतं, आणि आच कमी करायचं सुचतं ते करपल्याचा वास आल्यावर.

बीड उशिरा तापतं आणि उशिराच निवतं. ॲल्युमिनियमच्या तुलनेत त्यातून उष्णता साधारण चौथाई वेगानेच पसरते. त्यामुळे जिथे जाळ लागतो तिथेच ते आधी तापतं आणि कडा मागे राहतात. मात्र भांडं जाड आणि वजनदार असल्याने एकदा तापलं की ती उष्णता बराच वेळ धरून ठेवतं. घरी गॅसची कळ फिरवून लगेच फरक पडेल अशी आपल्याला सवय असते. इथे आच बदलायची ती गरज पडण्याच्या चार-पाच मिनिटं आधी. पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

आधी निखारे, मग भांडं

स्वयंपाक निखाऱ्यांवर करायचा असल्याने भूक लागायच्या तासभर आधी विस्तव पेटवा. झावळ्या आणि काटक्या पेटवण्यापुरत्या उत्तम, पण त्या भसकन जळतात आणि मागे राख तेवढी उरते. टिकाऊ निखाऱ्यासाठी बाभूळ, बोर, ऐन अशी कठीण, पूर्ण वाळलेली लाकडं हवीत. जाडी मनगटाएवढी पुरे. मोठा ओंडका बाहेरून पेटलेला दिसतो, पण त्याचे निखारे व्हायला फार वेळ लागतो. सरपण जवळच्या गावातून विकत घ्या, उभी झाडं तोडू नका. कण्हेर विषारी आहे, तिची काटकीही विस्तवात किंवा अन्नाजवळ येऊ देऊ नका. बांबू जाळणार असाल तर पेरं फोडून घ्या, नाहीतर आतली कोंडलेली हवा तापून ते फुटतात. चुलीला नदीपात्रातले दगडही नकोत. त्यांच्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड तडकून त्याचे तुकडे उडू शकतात.

लाकडं लालबुंद होऊन वर राखेची पांढुरकी साय धरू लागली की विस्तव तयार झाला. आता तो सगळा एकाच ढिगात ठेवू नका. मागच्या बाजूला छोटा जाळ चालू राहू द्या, तिथून ताजे निखारे मिळत राहतील. त्याच्या पुढे निखाऱ्यांचा जाड थर पसरा, ही तुमची मोठी आच. त्याच्या बाजूला विरळ, राखमिश्रित थर ठेवा, ती मंद आच. आपल्या जुन्या चुलीला शेजारी वैल, म्हणजे तिच्याच आचेवर चालणारी जोडचूल, असायची ती याचसाठी: चुलीवर फोडणी आणि उकळी, वैलीवर रटरटणं आणि गरम राहणं. उघड्यावर हीच रचना करायची. त्यामुळे आच कमी करायला विस्तवाशी झटापट करावी लागत नाही, भांडं एक हात सरकवलं की काम होतं. माझ्या मते मुक्कामाच्या स्वयंपाकात याहून उपयोगी सवय दुसरी नाही.

आच मोजायची ती तळहाताने

भांडं जिथे बसणार त्या उंचीपासून वीतभर वर तळहात धरा आणि सावकाश आकडे मोजा. दोन-तीन सेकंदांत हात काढावा लागला तर आच मोठी आहे, मासे तळायला किंवा मटण परतायला योग्य. पाच-सहा सेकंद हात टिकला तर मध्यम, घावणे आणि भाकरीसाठी. आठ-दहा सेकंद टिकला तर मंद, वरण, भात आणि रस्सा शिजवायला. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, म्हणून हे आकडे अंदाजाचे समजा. दोन-तीन वेळा केल्यावर स्वतःचं माप आपोआप बसतं.

तव्याचीही परीक्षा घ्या. चिमूटभर पीठ भुरभुरा. ते हळूहळू तांबूस झालं तर भाकरी टाकायला हरकत नाही. टाकताक्षणी काळं पडून धूर निघाला तर तवा उचलून बाजूला ठेवा आणि थांबा. तापलेल्या बिडावर थंड पाणी ओतणं हा उपाय नव्हे. बीड ठिसूळ असतं, अचानक थंड पडलं की तडा जातो, आणि तडा गेलेलं बीड पुन्हा कामाचं राहत नाही.

तापवण्याची घाई नको

थंड भांडं थेट जाळावर ठेवणंही तितकंच घातक. आधी ते विस्तवाच्या कडेला पाच-सात मिनिटं ठेवा आणि दर दोन मिनिटांनी पाव वळसा फिरवा. मग मध्यम थरावर आणा. तेल आता घालायचं, आधी नाही. कोरडा तवा फार वेळ भडक जाळावर राहिला तर त्यावर मुरलेला तेलाचा काळा थर जळून जातो आणि मग पदार्थ चिकटू लागतात.

घावण्यांसाठी कोकणात अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवतात. उघड्या विस्तवावर ही रीत विशेष सोयीची, कारण तेलाचा थर पातळ बसतो, निखाऱ्यांवर तेल सांडून भडका उडत नाही आणि कांदा कसा चरचरतो त्यावरून तव्याचा ताव कळतो. पहिलं घावन बिघडलं तर तवा कमी तापला होता की जास्त, एवढं बघा आणि पुढे चला. प्रत्येक घावन काढल्यावर मात्र तव्याला पाव वळसा द्या. वाऱ्याच्या दिशेमुळे एक बाजू नेहमी जास्त तापते, आणि तवा फिरवल्याशिवाय हे सावरता येत नाही.

पिठलं, रस्सा अशा पदार्थांना भांडं खाली उतरवल्यावरही शिजत राहण्याची खोड असते. पिठलं हवं त्यापेक्षा जरा सैल असतानाच उतरवा, पाच मिनिटांत ते बेताचं घट्ट होतं. कोकम, चिंच, टोमॅटो शेवटी घाला आणि आंबट पदार्थ बिडात ठेवून देऊ नका, आंबटाने तो काळा थर उतरतो आणि रश्श्याला लोखंडी चव येते.

वर-खाली विस्तव

झाकणावर निखारे ठेवून भाजण्याची पद्धत परदेशी डच ओव्हनमुळे (झाकणाचं जाड बिडाचं भांडं) आता मुक्कामांवर दिसू लागली आहे, पण कोकणातलं तवशाचं धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, पूर्वी असंच भाजत, पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. डच ओव्हनला खाली तीन पाय आणि झाकणाला उभी कड असते, इतकाच सोयीचा फरक. जाड बुडाची बिडाची कढई तीन दगडांवर ठेवून वर घट्ट बसणारं सपाट लोखंडी झाकण ठेवलं, तरी भागतं.

इथे एक चूक हमखास होते: सगळे निखारे खाली, मधोमध. धोंडस, केक, पाव असं काही भाजायचं असेल तर साधारण एक तृतीयांश निखारे खाली आणि दोन तृतीयांश वर ठेवा. खालचे भांड्याच्या कडेखाली गोलाकार मांडा, मध्यभाग मोकळा सोडा. बिडाच्या बुडाला लागलेली उष्णता वर चढतेच, शिवाय पदार्थ थेट बुडाला टेकलेला असतो, म्हणून खालून थोडीच लागते. रस्सा किंवा मटण शिजवायचं असेल तर प्रमाण उलटं करा, कारण तिथे उकळी खालूनच हवी.

दर दहा-पंधरा मिनिटांनी भांडं पाव वळसा एका दिशेने आणि झाकण पाव वळसा उलट दिशेने फिरवा. निखाऱ्यांवर राख साचली की ती उष्णता अडवते. आच वाढवायची असेल तर राख झटका, कमी करायची असेल तर मुद्दाम राख पसरा. झाकण पुन्हापुन्हा उघडू नका. वास दरवळू लागला की आधी खालचे निखारे ओढून काढा, वरचे राहू द्या. पृष्ठभागाला रंग वरूनच येतो. हे करताना लांब सांडशी आणि चामड्याचे हातमोजे हवेत. सुती फडकं ओलं झालं तर त्यातून वाफ थेट हाताला भिडते.

झाल्यावर

भांडं कोमट होऊ द्या, मग कोमट पाण्याने आणि काथ्याने घासा, पुसून निखाऱ्यांच्या कडेला ठेवून पूर्ण कोरडं करा आणि तेलाचं बोट फिरवा.

विस्तव मात्र त्याहून काळजीने विझवा. जानेवारीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळतं आणि एका ठिणगीने वणवा लागतो. राखीव जंगलात परवानगीशिवाय विस्तव पेटवणं किंवा तो पेटता सोडून जाणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे मुक्कामाच्या जागी चूल मांडायला परवानगी आहे का, हे आधीच विचारा. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. चर्र आवाज थांबला की उलटा हात राखेच्या जवळ न्या. ऊब लागली तर आणखी पाणी, नाही लागली तर सामान उचला.