‘ब्रेकिंग होम टाइज’ : रॉकवेलचं मुखपृष्ठ वाचायचं कसं

अमेरिकी चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं हे चित्र ‘द सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाच्या २५ सप्टेंबर १९५४ च्या अंकावर छापून आलं. जुन्या ट्रकच्या पायरीवर शेजारी शेजारी बसलेले शेतकरी बाप आणि कॉलेजला निघालेला मुलगा. प्रत मोठी आणि स्पष्ट घ्या. मोबाइलवर खालचा कोपरा कापला जातो आणि तिथला रेल्वेचा रूळच दिसत नाही. रूळ निसटला की दोघं कशाची वाट बघताहेत ते कळत नाही.

आधी कागदाने बापाची बाजू झाका. मुलाची मान ताठ, नजर गाडी येणार त्या दिशेला, मोजे टायला जुळणारे. आता कागद मुलावर ठेवा. बाप वाकलेला, नजर उलट दिशेला. त्याच्या हातांवर मात्र थांबाच : दोघांच्याही टोप्या त्याच्याच हातात आहेत. मुलाची टोपी अजून त्याने सोडलेली नाही. सगळा निरोप तिथे आहे, चेहऱ्यात शोधू नका. शेजारच्या ट्रंकेवर कंदील आणि झेंडा आहे. गाडी थांबवायची खूण बापालाच करायची आहे. आई चित्रात नाही, पण मुलाच्या मांडीवरचा फितीने बांधलेला डबा बहुधा तिनेच दिलेला. कुत्र्याने मान कुणाच्या गुडघ्यावर टेकवलीय, तेही बघा.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे हा प्रसंग खरोखर घडलेला मानणं. रॉकवेल माणसं निवडून बसवायचा, त्यांचे फोटो काढून घ्यायचा आणि त्यावरून चित्र रचायचा. खरी होती ती भावना : त्या सुमारास त्याची स्वतःची तिन्ही मुलं घराबाहेर पडली होती.

शेवटी मूळ चित्राचा फोटो आणि छापील मुखपृष्ठ एकाच मापाचे करून चेहरे ताडून पाहा. रंगांवर विसंबू नका, छपाईत ते बदलतात. डोळे, ओठ, हनुवटी यांच्या रेषा पाहा. व्यंगचित्रकार डॉन ट्राख्टे यांनी १९६० मध्ये ९०० डॉलरला हे चित्र घेतलं. त्यांच्याकडचं म्हणून पुढे संग्रहालयात लागलेल्या चित्रात मुलाचा चेहरा छापील चेहऱ्याशी जुळत नव्हता. जाणकारांनी दोष वाईट डागडुजीला दिला. ट्राख्टे गेल्यावर, २००६ मध्ये, त्यांच्या मुलांना घरातल्या खोट्या भिंतीमागे अस्सल चित्र सापडलं. टांगलेली होती ती वडिलांनीच केलेली नक्कल. त्याच वर्षी सदबीजच्या लिलावात अस्सल चित्र १ कोटी ५४ लाख डॉलरला गेलं.