कारचा स्ट्रट बार घरी बनवताना: मापं, वेल्डिंग आणि फिटिंग

स्विफ्ट, पोलो, आय20 अशा हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्झॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असतात. वळणावर चाकाला बसणारा आडवा जोर खालून लोअर आर्ममधून (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि वरून स्ट्रटच्या माथ्यातून बॉडीत जातो. हा माथा ज्या टॉवरला धरलेला असतो तो पत्र्याचा. कडक स्प्रिंग आणि जास्त पकडीचे टायर बसवले की दोन्ही टॉवर थोडे आत-बाहेर हलतात, चाकाचा कॅम्बर (उभा कल) बदलतो आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी किंचित उशिरा वळते. दोन्ही टॉवर एका पाइपने जोडणं हा त्यावरचा उपाय, हाच स्ट्रट बार. पण लोअर आर्मचे रबरी बुश फाटलेले असतील किंवा टॉवरच्या जोडावर गंज असेल, तर आधी ते दुरुस्त करा. बार लावून ते झाकलं जात नाही.

या कामात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर पाइप सरळ असणं. 25.4 मिमी बाहेरचा व्यास, 2 मिमी जाडी आणि 1 मीटर लांबीचा सरळ पाइप फक्त दाबला किंवा ताणला जातो, त्यामुळे तो भलताच ताठ असतो. तोच पाइप इंजिनवरून नेण्यासाठी मधल्या 600 मिमी भागात 60 मिमी वर उचलला, तर गणिताने तो जवळपास 40 पट मऊ होतो, कारण आता जोर त्याला वाकवतो. बाजारातले बरेच दिखाऊ, कमानीसारखे बार इथेच फसतात. बाक टाळताच येत नसेल तर 38 मिमी व्यासाचा पाइप घ्या. जाडी तीच 2 मिमी ठेवली तरी वाकण्याला होणारा विरोध साडेतीन पट वाढतो आणि वजन मीटरमागे फक्त 600 ग्रॅमने.

पाइप ईआरडब्ल्यू (वेल्ड करून जोडलेला) किंवा सीडीएस (बिनजोड), काळा, जस्ताचा थर नसलेला हवा. नळकामाचा जीआय (जस्त चढवलेला) पाइप वापरू नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर अंगात जाऊन ताप येतो आणि जोडही छिद्राळ होतो. टॉवरवरच्या प्लेटसाठी 4 मिमी माइल्ड स्टील पुरतं.

मोजमाप आणि फिटिंग गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर उभी असतानाच करा. जॅकवर उचललेल्या गाडीत टॉवरमधलं अंतर बदललेलं असतं. शिवाय नट काढल्यावर स्ट्रट खाली लटकतो. एका वेळी एकाच टॉवरचे बाहेरचे नट काढा. मधल्या मोठ्या नटाला हात लावायचा नाही: त्याच्या जोरावर स्प्रिंग दाबलेली असते, आणि तो सुटला तर जीव जाऊ शकतो.

पुठ्ठ्याचा फर्मा टॉवरवर दाबून स्टडचे (टॉवरमधून वर आलेल्या बोल्टांचे) ठसे घ्या आणि तो प्लेटवर उतरवा. एम8 स्टडला 8.5 मिमी भोक पुरतं. प्लेट बसवल्यावर नटाबाहेर किमान दोन आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर प्लेट 3 मिमीची घ्या, पातळ नट लावून वेळ मारून नेऊ नका. बोनेट किती खाली येतं ते पाहायला पाइपच्या जागी मुलांच्या खेळातल्या क्लेचे गोळे ठेवून बोनेट बंद करा. इंजिन माउंटवर हलतं, म्हणून त्याच्यापासून 20 मिमी तरी मोकळे ठेवा.

आता दोन्ही प्लेट गाडीवर घट्ट करा. पाइपची तोंडं प्लेटच्या उताराप्रमाणे कानसीने जुळवा. फट 1 मिमीपेक्षा जास्त नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अर्थ क्लॅम्प प्लेटलाच लावा, ब्रेक ऑइलची टाकी आणि वायरिंग ओल्या गोणपाटाने झाका, अग्निशामक हाताशी ठेवा. प्रत्येक टोकाला दोन टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारून बार काढून घ्या. पूर्ण वेल्डिंग गाडीबाहेर. त्याआधी दोन्ही प्लेट 50×50×6 च्या अँगलला क्लॅम्पने जखडा, नाहीतर थंड होताना जोड आखडतो आणि प्लेट वर उचलली जाते. मिग (वायर आपोआप पुढे सरकणारं वेल्डिंग मशीन) असेल तर 0.8 मिमी वायर, थोडं एका टोकाला, थोडं दुसऱ्या टोकाला. हात लावण्याइतका थंड होईपर्यंत क्लॅम्प सोडू नका.

तरीही भोकं जुळली नाहीत तर टॉवर ओढून बसवू नका, भोक कानसीने 1 मिमी लांबवा. प्लेटच्या खालच्या बाजूला रंगाचा पातळ हात पुरे. जाड रंग दाबाने बसतो आणि नट सैल होतात. टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलमधलाच, टॉर्क पान्याने.

खालून लोअर आर्मच्या मागच्या बोल्टांना जोडणारा बारही याच पद्धतीने होतो. मात्र पोकळ पाइपमधून आरपार बोल्ट कसला तर पाइप चेपतो आणि बोल्टचा ताण निघून जातो. बोल्टच्या जागी जाड लोखंडी बुश (नळीचा तुकडा) घालून दोन्ही बाजूंनी वेल्ड करा. बोल्ट मूळ बोल्टच्याच ग्रेडचे घ्या, फक्त बारच्या जाडीइतके जास्त लांब. स्पीडब्रेकरला तो घासणार नाही हेही बघा.

चॅसिसच्या लांब रेल्सवर किंवा क्रंपल झोनमध्ये (धडकेत मुद्दाम चेपणारा भाग) काहीही वेल्ड करू नका. बार कायम बोल्टनेच लावा. टॉवर जोडल्यावर एका बाजूच्या धडकेचा मार दुसऱ्या टॉवरपर्यंत जाऊ शकतो, हेही धरून चाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर मर्यादा आहेत, म्हणून आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा.

फरक मोजायचा असेल तर दोन टॉवरमध्ये डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) लावा, पुढचं एक चाक जॅकने उचला आणि बार नसताना व असताना वाचन घ्या. 100 किमीनंतर नट पुन्हा तपासा, वेल्डच्या कडेला रंगाला तडा गेलाय का ते बघा आणि व्हील अलाइनमेंट करून घ्या.