आर भाषेत कोडमधून कोड घडवण्यापूर्वीची तयारी

आर या संख्याशास्त्रीय कामाच्या प्रोग्रामिंग भाषेत कोडला कोड घडवता येतो, आणि ही सोय एकदा हाती आली की ती जागोजागी वापरण्याचा मोह होतो. म्हणून तिची खरोखर गरज आहे का, हे आधी तपासून घ्यावे. आरसोबतच मिळणाऱ्या ‘एमटीकार्स’ या तक्त्यात ३२ गाड्या आणि ११ स्तंभ आहेत. त्यांतील ‘एमपीजी’ (एका गॅलन इंधनात किती मैल) या स्तंभाचा उरलेल्या १० स्तंभांशी एकेक करून रेषीय संबंध पाहायचा असेल, तर स्तंभांच्या नावांवरून ‘रिफॉर्म्युलेट’ हे फंक्शन सूत्रे तयार करून देते आणि तिथे काम संपते.

गरज पक्की झाली, तर कोडकडे मजकूर म्हणून नव्हे, रचना म्हणून पाहावे. कोड न चालवता जसाच्या तसा पकडणाऱ्या ‘क्वोट’ला दोन अधिक तीन गुणिले चार दिले, तर १४ हे उत्तर न येता न सोडवलेले एक्स्प्रेशन (कोडचा तुकडा) हाती येते, ज्याचा पहिला घटक अधिकचे चिन्ह, दुसरा २ आणि तिसरा गुणाकाराचा स्वतंत्र कॉल (फंक्शन चालवण्याची मागणी) असतो. अक्षरांचे तुकडे ‘पेस्ट’ने जोडून मजकुराचा कोड करणाऱ्या ‘पार्स’कडे सोपवण्याची वाट मला धोक्याची वाटते, कारण स्तंभाच्या नावात मोकळी जागा आली की ती मोडते आणि मजकूर बाहेरून येत असेल, तर फायली पुसणारी आज्ञाही निमूटपणे चालून जाते. त्याऐवजी नावासाठी ‘ॲज डॉट नेम’ आणि साच्यात किंमती भरण्यासाठी ‘बीक्वोट’ हाताशी ठेवावे.

सर्वाधिक वेळ द्यावा तो एक्स्प्रेशन कुठे सोडवले जाणार या प्रश्नाला, कारण इथली चूक बहुधा त्रुटीचा संदेश देतच नाही. एक्स्प्रेशन सोडवणाऱ्या ‘इव्हॅल’ला तक्ता दिला की प्रत्येक नाव आधी तक्त्याच्या स्तंभांत शोधले जाते आणि तिथे सापडले नाही तरच भोवतालच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे नावे आणि त्यांच्या किंमती जिथे ठेवलेल्या असतात तिथे. समजा, आपल्या फंक्शनमध्ये वजनाची मर्यादा ‘डब्ल्यूटी’ या नावाने ठेवली आहे. ‘एमटीकार्स’मध्ये त्याच नावाचा स्तंभ असल्याने तुलना स्तंभाची स्वतःशीच होते आणि चुकीचे उत्तर बिनतक्रार मिळते. अशी मर्यादा ‘बीक्वोट’ने आधीच आकड्याच्या रूपात आत बसवावी. फंक्शनला दिलेले एक्स्प्रेशन न सोडवता पकडणारे ‘सब्स्टिट्यूट’ वापरणार असाल, तर फंक्शनची साखळी कागदावर मांडून पाहावी: वापरणाऱ्याने लिहिलेले एक्स्प्रेशन त्याच्याशी थेट बोलणाऱ्या फंक्शनलाच मिळते, आतल्या फंक्शनला मात्र मधल्या चलाचे नाव दिसते. म्हणून ते बाहेरच पकडून आत तयार स्वरूपात पाठवावे.

फंक्शनला द्यायच्या किंमती यादीतून घेऊन ते चालवणाऱ्या ‘डू डॉट कॉल’ने रेषीय मॉडेल बसवणारे ‘एलएम’ चालवताना ‘एमटीकार्स’ तसाच न देता ‘क्वोट’मध्ये घालून द्यावा, नाहीतर मॉडेल छापताना कॉलच्या जागी तक्त्यातील सगळे आकडे उमटतात.

सोडवण्यापूर्वी तयार झालेले एक्स्प्रेशन एकदा छापून वाचावे. त्याचा मजकूर आलेखाच्या शीर्षकात वापरायचा असेल, तर एक्स्प्रेशनचा मजकूर करून देणारे ‘डीपार्स’ लांब एक्स्प्रेशनचे साधारण ६० अक्षरांनंतर तुकडे करते आणि एका शीर्षकाऐवजी अनेक अक्षरमाला (स्ट्रिंग) हाती येतात, हे ध्यानात ठेवावे. आरच्या २०२० मधील ४.०.० आवृत्तीपासून आलेले ‘डीपार्स१’ त्यांची एकच अक्षरमाला करून देते.