नौदलाच्या कामासाठी एनडीटीची लेव्हल: फी भरण्यापूर्वी काय पाहावे

बडोद्याला समुद्र नाही. तरीही मकरपुऱ्याच्या एखाद्या शेडमध्ये वेल्ड झालेला पाइप पुढे जहाजात बसू शकतो, आणि मग त्याच्या एनडीटीच्या, म्हणजे वस्तू न मोडता दोष शोधण्याच्या तपासणीच्या, अहवालावर कोणाची सही आहे हे त्या जोडाइतकेच बारकाईने पाहिले जाते. दांडिया बाजारातली आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली मुले "कोणता कोर्स करू?" असे विचारत येतात, तेव्हा मी उलट विचारतो की ज्या कामावर जायचे आहे त्याच्या ऑर्डरमध्ये कोणत्या मानकाचे नाव आहे. ते ठाऊक नसताना भरलेली फी बहुधा दुसऱ्यांदा भरावी लागते.

एसएनटी-टीसी-१ए ही एनडीटी करणाऱ्यांची पात्रता ठरवण्यासाठी १९६६ साली अमेरिकेत प्रथम निघालेली शिफारस आहे. तिच्या आधाराने कंपनीने स्वतःची लेखी कार्यपद्धती ठरवायची, परीक्षा घ्यायची आणि सर्टिफिकेटही कंपनीनेच द्यायचे, त्यामुळे नोकरी सुटली की ते सर्टिफिकेटही संपते. पहिली नोकरी सोडल्यावर मला हे कळले: यूटी (अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी तपासणी) लेव्हल टूचा कागद घेऊन नव्या ठिकाणी गेलो तर पुन्हा परीक्षेला बसावे लागले, आणि अनुभवाच्या तासांच्या दाखल्यासाठी जुन्या कंपनीत तीन महिने खेटे घातले. म्हणून तासांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी आणि महिन्याच्या महिन्याला वरिष्ठांची सही घ्यावी. आयएसओ ९७१२ प्रमाणे मिळणारे सर्टिफिकेट स्वतंत्र संस्था देते व ते माणसाबरोबर जाते, तरी प्रत्यक्ष कामाची लेखी परवानगी मालकाकडून घ्यावीच लागते. आपल्याकडे याच विषयावर आयएस १३८०५ हे भारतीय मानक आहे. इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगची शाखा बडोद्यात आहे, चौकशीला तिथूनच सुरुवात करावी.

लेव्हल म्हणजे पगाराची पायरी नव्हे, अधिकाराची मर्यादा होय. साधी डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरणाऱ्या रंगाने तपासणी) घ्या. वेल्ड पुसून कोरडा करणे, लाल पेनिट्रंट मारून ठरलेला वेळ थांबणे, मग सॉल्व्हंट थेट जोडावर न फवारता कापड किंचित ओले करून जादा रंग पुसणे आणि डेव्हलपरचा, म्हणजे भेगेतला रंग वर ओढणाऱ्या पावडरीचा, पातळ पांढरा थर देणे, हे सारे लेव्हल वन लेखी सूचनेबरहुकूम करू शकतो. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की तिची नोंदही तो करतो. पण ती रेघ भेग आहे की बीडच्या (वेल्डच्या उंचवट्याच्या) कडेला अडकलेला रंग, आणि असा दोष चालतो की नाही, हे ठरवून अहवालावर सही करणारा लेव्हल टू असतो. कार्यपद्धती लिहिणे, ती मंजूर करणे आणि इतरांची परीक्षा घेणे लेव्हल थ्रीकडे येते.

नौदलांचा या मर्यादांवर इतका कटाक्ष का, याला इतिहास आहे. १० एप्रिल १९६३ रोजी 'थ्रेशर' ही अमेरिकी पाणबुडी १२९ जणांसह बुडाली. त्याआधी गोदीत तिच्या पाइपांच्या ब्रेझिंगचे (वितळवलेल्या मिश्रधातूने सांधलेले) १४५ जोड अल्ट्रासॉनिकने तपासले होते व त्यांतले सुमारे १४ टक्के कमी प्रतीचे निघाले होते. तरी उरलेल्या बहुतेक जोडांची तपासणी झालीच नाही. दोष सापडला होता, निर्णय मात्र झाला नाही. त्याच वर्षी पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठी 'सबसेफ' कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकी नौदलाच्या कामात दोष किती चालतो हे मिल-एसटीडी-२०३५ या मानकात दिलेले असते. रिफायनरीच्या कामात पाठ झालेली मर्यादा तिथे वापरणे ही मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक आहे.

तासांचा हिशेबही आधीच मांडावा. एसएनटी-टीसी-१ए नुसार बारावी झालेल्याने डीपी टेस्टच्या लेव्हल वनसाठी ४ आणि टूसाठी आणखी ८ तासांचे प्रशिक्षण घ्यावे. यूटीसाठी मात्र प्रत्येकी ४० तास, शिवाय लेव्हल वनला २१० आणि टूला ६३० तासांचा अनुभव. थेट लेव्हल टूला बसायचे असेल तर दोन्हींची बेरीज धरतात, म्हणजे यूटीला अनुभवाचे ८४० तास. "आठ दिवसांत लेव्हल टू" अशी जाहिरात दिसली तर ती केवळ वर्गाबद्दल बोलते आहे, असे समजावे. सामान्य, विशिष्ट आणि प्रात्यक्षिक या तिन्ही परीक्षांत किमान ७० आणि सरासरी ८० टक्के लागतात.

वेल्डिंग इन्स्पेक्टरची वाट वेगळी आहे. व्हीटी (डोळ्यांनी तपासणी) लेव्हल टू झाला म्हणजे सीएसडब्ल्यूआयपी ३.१ (वेल्डिंग इन्स्पेक्टरचे सर्टिफिकेट) झाला असे नाही, कारण इन्स्पेक्टरला वेल्डच्या आधीचे फिटअप (तुकड्यांची जुळणी), प्रीहीट (आधी तापवणे), इलेक्ट्रोड आणि डब्ल्यूपीएस (वेल्डिंगची लेखी कार्यपद्धती) हे सारे पाहावे लागते.

राहिले डोळे. आयएसओ ९७१२ साठी नजर तपासण्याच्या तक्त्यातले जेगर १ चे बारीक अक्षर ३० सेंटिमीटरवरून किमान एका डोळ्याने वाचता यावे लागते, चष्म्यासह चालते, आणि ही तपासणी दरवर्षी होते. रंगांतला फरकही ओळखता यावा लागतो. ही तपासणी नेत्रतज्ज्ञाकडून आधी करून घ्यावी आणि मगच फीचा विचार करावा.