मध्ययुगीन नाणी ओळखताना आणि साफ करताना या चुका टाळा

जुने नाणे हाती आले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे चकचकीत कसे करायचे?’ खरे तर तो शेवटी विचारायचा प्रश्न आहे, आणि बऱ्याचदा त्याचे उत्तर ‘करूच नका’ असे निघते. नाणे कोणत्या धातूचे, कोणत्या राजवटीचे हे कळायच्या आत ते घासले, तर ज्या खुणांवरून ते ओळखता आले असते त्याच निघून जातात.

म्हणून आधी नाणे कडेला धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा, प्लास्टिकच्या कॅलिपरने व्यास मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. लेख वाचता येत नसेल तर दिवा खाली, अगदी तिरका धरा. सावली पडली की पुसट अक्षरे बऱ्यापैकी उठून दिसतात. वर कागद ठेवून पेन्सिल घासायची जुनी युक्ती मात्र नको, तिने नाण्याचे उंच भाग झिजतात.

वेडेवाकडे दिसते म्हणून नाणे खोटे ठरवणे ही फार नेहमीची चूक. मध्ययुगातली बहुतेक नाणी हातोड्याने पाडलेली असत. खालच्या ठशावर धातूची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घाव घालायचा. त्यामुळे छाप एका बाजूला सरकणे, कडा चिरणे, अर्धी अक्षरे चकतीबाहेर जाणे हे सगळे साहजिकच. दिल्ली सुलतानांच्या जितल नावाच्या छोट्या नाण्यांवर ठसा अनेकदा चकतीपेक्षा मोठा असायचा. पूर्ण लेख त्या नाण्यावर कधी उमटलेलाच नसतो. संशय घ्यायचा तो वेगळ्या गोष्टींचा. कडेवर सांध्याची रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांसारखे खळगे, किंवा दोन नाण्यांवर तीच चीर त्याच जागी. एकाच ठशाची दोन अस्सल नाणी असू शकतात, पण दोन्हींची चीरही जुळली तर ती एकाच साच्यात ओतलेली. चुंबकाला नाणे चिकटले तर ते सोन्याचे, चांदीचे किंवा तांब्याचे नाही हे नक्की. न चिकटल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही.

अर्धे नाणे म्हणजे मोडके नाणे, हाही गैरसमज. इंग्लंडमध्ये सुटे पैसे हवेत म्हणून चांदीची पेनी मागच्या क्रुसाच्या रेघेवरून कापून अर्धी किंवा पाव करत. १२७९ च्या सुधारणेनंतर गोल अर्धपेनी आणि फार्दिंग (पाव पेनी) मिळू लागले, तशी ही कापाकापी मागे पडली. वाकलेल्या नाण्याचेही तसेच. तिथे एखाद्या संताला नवस बोलताना पेनी मुद्दाम दुमडायची रीत होती, म्हणजे ती घडी हाही इतिहासच. शिवाय शतकानुशतके जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळ होते. सरळ करायला गेलात तर हातात दोन तुकडे येतील.

नाण्यावरचे नाव वाचून काळ ठरवतानाही जपून. ११८० ते १२४७ या काळातल्या इंग्लिश पेन्यांवर राजाचे नाव हेन्रीच आहे, मधली रिचर्ड आणि जॉन यांची कारकीर्द धरूनही. हिजरी, म्हणजे इ.स. ६२२ पासून मोजला जाणारा इस्लामी सन, इसवी सनात बदलताना तर सर्रास चूक होते. लोक सरळ ६२२ मिळवून मोकळे होतात. पण हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे सनाला ०.९७ ने गुणून मग ६२२ मिळवायचे, म्हणजे उत्तर फार तर वर्षभराने चुकते. हिजरी ७२५ चे नाणे सरळ बेरजेने १३४७ चे, म्हणजे बहमनी राज्य स्थापन झाले त्या वर्षाचे ठरते. प्रत्यक्षात ते १३२४-२५ चे आहे, मुहम्मद बिन तुघलक गादीवर आला तेव्हाचे. याच सुलतानाने पुढे पितळी आणि तांब्याचे टंके (नाणी) चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालवले. तसे पिवळे नाणे मिळाले तर ते नकली समजू नका, आणि खालची चांदी शोधायला खरवडू तर अजिबात नका.

आता सफाई. लिंबू, व्हिनेगर, चिंच ही सगळी आम्ले आहेत, तांब्याला खातात. चांदी आणि तांबे मिसळलेल्या नाण्यातले तांबे असे निघून गेले की पृष्ठभाग सच्छिद्र आणि मेलेला दिसतो. सोबत मीठ वापरले तर आणखी वाईट, कारण त्यातले क्लोराइड धातूच्या छिद्रांत बसते आणि दमट हवेत काम सुरू ठेवते. टूथपेस्ट आणि भांड्यांची पावडर बारीक ओरखडे पाडतात. ॲल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याच्या उपायाने काळेपणा जातो, पण मागे उरतो तो निर्जीव पांढरटपणा. संग्राहक तो लांबूनच ओळखतो.

तांब्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर हा पॅटिना. तो खालच्या धातूला सांभाळतो, त्याला हात लावू नका. मात्र फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली आणि झटकल्यावर पुन्हा आली, तर तो ब्राँझ डिसीज, म्हणजे क्लोराइडमुळे तांब्याला आतून खात राहणारा गंज. असे नाणे लगेच वेगळे काढा, सिलिका जेलसह हवाबंद डबीत ठेवा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा. जाड, मेणचट करडा थर चढलेली चांदीही त्यांच्याकडेच सोपवा, कारण कधीकधी नक्षी त्या थरातच उरलेली असते.

मग घरी करण्यासारखे काय उरते? सोन्याच्या किंवा धडधाकट चांदीच्या नाण्यावर फक्त माती असेल, तर ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा आणि पाणी रोज बदला. नळाचे पाणी नको, त्यातही क्लोराइड असते. मऊ झालेली माती भिंगाखाली बांबूच्या काडीने हलकेच सुटली तर ठीक, नाही तर राहू द्या. वाळवताना सुती कापडाने टिपा, पुसू नका. तेलकट डागांना शुद्ध ॲसिटोन चालते, पण काचेच्या भांड्यात, खिडकी उघडून आणि आगीपासून दूर. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये इतर द्रव्ये असतात, ते टाळा. मडक्यासकट सापडलेला साठा मात्र धुऊ नका, सुटाही करू नका. नाण्यांवर चिकटलेले कापडाचे धागे ती कशात बांधली होती ते सांगतात, आणि अशा साठ्याची माहिती सरकारला देणे बऱ्याच देशांत बंधनकारक आहे.

नाणे आधीच कोणी लिंबाने घासून ठेवले असेल तर डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, पूर्ण कोरडे करून थांबा. गंधकाच्या मिश्रणात बुडवून ‘जुना रंग’ परत आणायचा खटाटोप नको. गेलेला पॅटिना तसा येत नाही, उलट नाण्याशी छेडछाड झाली आहे हे आणखी ठळक होते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर चिकट हिरवट थर आला असेल, तर तो ॲसिटोनने निघतो. त्यानंतर नाणे मायलार (पॉलिएस्टरची फिल्म) किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात हलवा आणि जुनी पाकिटे फेकून द्या.