एक वर्षाच्या बाळाला घेऊन बडोद्यात भूर कसं जायचं

"भूर जायचं का" एवढं म्हटलं की आमची लेक घरात जिथे असेल तिथून रांगत दाराशी येते आणि चपलांच्या ढिगातून माझी चप्पल उचलून वर धरते. एकच, दुसरी आणत नाही. तेरा महिने झालेत तिला. बायकोची रविवारी सकाळची ड्युटी असते त्यामुळे गेले चार-पाच महिने रविवारचं भूर माझ्याकडे आहे, आणि ह्या काळात मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नये म्हणून हे लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मला जे बघायला आवडतं तिथे तिला नेणं. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये ब्लू व्हेलचा सांगाडा आहे ना, ७२ फुटी, १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला, तो मी लहानपणी पाहिला तेव्हा रात्रभर झोप नव्हती लागली, तेव्हा म्हटलं लेकीलाही तोच दाखवू. नेलं, कडेवर घेऊन बरोबर जबड्यासमोर उभा राहिलो, "बघ बघ केवढा मासा" वगैरे चालू केलं, आणि ती बघत होती खाली. शेजारच्या काकांच्या बुटाची लेस सुटली होती, ती. खाली सोडलं तर सरळ तिकडे गेली, लेस चिमटीत धरली, ओढली, पुन्हा ओढली. काका भले होते, हसत उभे राहिले. व्हेलकडे तिने वर मान करून एकदाही पाहिलं नाही.

घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला की तिचं त्या आठवड्यात चिमटीचंच सगळं चाललं होतं, फरशीवरचा एकेक मुरमुरा अंगठा आणि बोटाने उचलायचा, गादीचा दोरा ओढायचा. म्हणजे तिच्या हिशोबाने भूर एकदम मस्त झालं होतं! तेव्हापासून माझा नियम एकच, बाळ ह्या आठवड्यात काय शिकतंय ते बघायचं आणि ते जिथे मनसोक्त करता येईल तिथे न्यायचं. बाकी नियोजन त्याच्या मागून.

आता काय शिकतंय हे कसं ओळखायचं तर त्याला काही चार्ट लागत नाही, जे करून करून तुम्हाला वैताग आणतंय तेच शिकतंय. खुर्चीवरून चमचा खाली टाकतंय, तुम्ही देताय, परत टाकतंय, तर पडलेली वस्तू कुठे जाते ह्याचा अभ्यास चालू आहे. सोफा धरून आडवं आडवं चालतंय तर आता लवकरच सुटेल. बोट दाखवून "आँ आँ" करतंय तर त्याला नावं हवी आहेत वस्तूंची, आणि हे बोट दाखवणं फार महत्त्वाचं आहे बरं का, बोलण्याच्या आधीची पायरी आहे ती. टाटा करणं, नावाने हाक मारली की वळून बघणं, "बॉल कुठाय" म्हटलं की शोधणं, पुढचं-मागचं दोन-चार महिन्यांत सगळं ह्याच काळातलं.

चालण्याचं मात्र लोक फार डोक्यात घेतात. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या मासीबा लिफ्टमध्ये पहिला प्रश्न हाच विचारतात, "चालती थई के नहीं?" आणि आई लगेच आमच्या वतीने बचाव करते, "आमचा हा चौदाव्या महिन्यात चालला होता." मुलं एकटी चालायला लागण्याचा नॉर्मल काळ साधारण आठव्या महिन्यापासून पार साडेसतराव्या महिन्यापर्यंत पसरलेला आहे, हे डब्ल्यूएचओच्या अभ्यासात आलेलं आहे, त्यामुळे शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात धावतंय म्हणून झोप उडवून घेऊ नका. दीड वर्ष झालं तरी चालत नाही, किंवा वर्षाचं झालं तरी नावाला वळत नाही, बोट दाखवत नाही, कशाचाही आधार घेऊन उभं राहत नाही, किंवा आधी करत होतं ते बंद केलं, असं काही असेल तर मात्र "मुलगे उशिराच बोलतात" वगैरे ऐकत न बसता बाळाच्या डॉक्टरांकडे जायचं. बाळ लवकर जन्मलेलं असेल तर महिने ड्यू डेटपासून मोजायचे, हे आम्हालाही आधी माहीत नव्हतं.

ह्यावरूनच, वॉकर घेऊ नका. तो प्लास्टिकचा गोल, ज्यात बाळ मधे बसतं. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट पायऱ्यांवरून पडणं, गरम वस्तूपर्यंत हात पोचणं असे अपघात होतात, कॅनडात तर २००४ पासून विक्रीलाच बंदी आहे. आपल्याकडे संखेड्याचा लाकडी पांगुळगाडा मिळतो, लाल-पिवळ्या लाखेचा, बाळ मागे उभं राहून ढकलतं तो, तो चालेल, पण तुम्ही शेजारी हवं. आमच्याकडे माझाच जुना निघाला माळ्यावरून. एक चाक करकरतं, तेल घातलं तर लेकीला आवडेना, म्हणून आता करकर तशीच आहे.

बरं, आता वेळ. सगळं भूर झोपेवर अवलंबून. वर्षाच्या बाळाला दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, त्यातल्या दिवसाच्या झोपा बहुतेकांच्या अजून दोन असतात. माझा हिशोब असा की उठून, खाऊन, शी होऊन मग निघायचं आणि पुढच्या झोपेच्या अर्धा तास आधी घरी यायचं, म्हणजे हातात खरा वेळ दीड तास. त्या दीड तासात एकच गोष्ट. कमाटीबाग आणि मग सूरसागर तलाव आणि मग येताना मावशीकडे, हे नको, तिसऱ्या ठिकाणी बाळ रडतं आणि दुसऱ्या ठिकाणी तुम्ही. मार्च ते जून तर सकाळी नऊच्या आत परत यायचं, बडोद्याचं ऊन काय ते सांगायला नको.

पिशवीचं सांगतो, मी एकदा भरली की परत आल्यावर लगेच पुन्हा भरून दाराला अडकवतो, नाहीतर पुढच्या रविवारी वाइप्स संपलेले असतात आणि ते बागेत कळतं. तीन डायपर, एक जास्तीचा फ्रॉक, आईची जुनी सुती साडी दुमडून (हिच्यासारखी वस्तू नाही, खाली अंथरा, पांघरा, ऊन अडवा, आडोसा करा), घरचं उकळलेलं पाणी, केळं, डब्यात मऊ मुगाची खिचडी नाहीतर उकडलेलं रताळं, चमचा, टोपी, ओल्या कपड्यांना प्लास्टिकची पिशवी. आणि तुमच्यासाठी एक शर्ट. तुमच्यासाठी, हो.

खाण्यावर जरा जास्त बोलतो कारण बाहेर गेलं की प्रत्येकाला बाळाला काहीतरी द्यायचं असतं. बागेच्या बाहेर खारी शिंग (खारे शेंगदाणे) आणि चणे विकायला असतातच, आणि कोणीतरी काका प्रेमाने एक दाणा हातावर ठेवतोच. अख्खे शेंगदाणे, चणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, काही नाही, सरळ नाही म्हणायचं, श्वासनलिकेत अडकतं, आणि ह्यात वाईट वाटून घेणाऱ्याचं वाईट वाटू द्या. मी "डॉक्टरांनी नाही सांगितलंय" असं म्हणतो, डॉक्टरांचं नाव घेतलं की कोणी वाद घालत नाही. फुग्याचंही तेच, फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर फार धोक्याचा, लांबून दाखवा. दूध आता गाई-म्हशीचं चालतं पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, दुधानेच पोट भरलं की बाळ जेवत नाही आणि लोह कमी पडतं. आमच्या लेकीचं तेच झालं होतं, जेवत नाही जेवत नाही म्हणून आम्ही दूध वाढवत होतो.

जायचं कसं? कार असेल तर कार सीट, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे, मांडीवर नाही. स्कूटरवर दोघांच्या मधे दाबून नेतात ते मी पण केलंय आधी, आता नाही करत. नियमाप्रमाणे चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर बांधायचा पट्टा, ९ महिन्यांवरच्या बाळाला हेल्मेट आणि वेग ४० च्या आत लागतो, पण एवढ्याशा मानेवर हेल्मेटचं वजन मला पटत नाही. आम्ही रिक्षा करतो, बाहेरच्या बाजूला मी बसतो आणि लेक कॅरियरमध्ये माझ्या छातीशी.

आता कुठे जायचं. कमाटीबागच, दुसरं काय! १८७९ मध्ये सयाजीराव महाराजांनी लोकांसाठी केलेली बाग, शंभर एकरांवर पसरलेली, तेव्हा सगळी बघायचा प्रयत्नच करू नका. काळ्या घोड्याच्या पुतळ्याच्या बाजूने आत जा आणि पहिली बरी हिरवळ दिसली की साडी अंथरा. बाळ धरून चालणारं असेल तर बाकाजवळ बसा, बाक त्याच्या बरोबर उंचीचा असतो, एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला पाण्याची बाटली, अर्धा तास आरामात जातो. नुकतंच चालणारं असेल तर अनवाणी गवतावर सोडा, आधी काचा आणि मुंग्या बघून घ्या. ते पी-पी वाजणारे बूट घरीच ठेवा, बाळ पडलं तरी चालेल पण सकाळी फिरायला आलेल्या आजोबांचा शाप नको.

बोट दाखवायचा सीझन असेल तर बागेतलंच झू, त्यातही पक्षी. वाघ-सिंह लांब झोपलेले असतात, बाळाला ते दिसतच नाहीत, पोपट आणि मोर हलतात, ओरडतात. एक पिंजरा, दहा मिनिटं, आणि तिने बोट दाखवलं की एकच शब्द, "पोपट". "तो बघ हिरवा हिरवा छान पोपट कसा मिरची खातोय" एवढं नाही. आमचीचा पहिला खरा शब्द आई किंवा बाबा नाही, "काऊ" आहे, आणि तो तिने मोराकडे बघून म्हटला. जॉय ट्रेन मात्र मी सध्या टाळतो, एकदा बसलो तर तिने सगळा वेळ माझा चष्मा बाहेर टाकायचा प्रयत्न केला, टाकण्याचा अभ्यास चालू होता ना तेव्हा!

संध्याकाळी जायचं असेल तर सूरसागर, दिवे लागले की तळ्यामधला शंकराचा पुतळा चमकतो, १११ फुटी आहे, एवढं मोठं असलं की बाळालाही दिसतं. पण कठड्याजवळ कडेवरच ठेवा. आणि जरा लांब जायचं तर चांपानेर, साधारण पन्नास किलोमीटर, जाताना एक झोप येताना एक झोप असं गणित बसतं. तिथे जामी मशिदीत सकाळी दगडी फरशी गार असते, खांबच खांब आहेत, एक खांब धरून उभं राहायचं, दुसऱ्याकडे रांगत जायचं, आणि ओरडलं की आवाज घुमतो हे आमच्या लेकीने तिथे शोधून काढलं. २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे ती जागा, तेव्हा निदान तिला गप्प बसवायचा प्रयत्न मी केला. पावागडावर मात्र गर्दीच्या दिवशी बाळाला नेऊ नका, रोपवेची लाईन हा तुमचा दीड तास तिथेच खाते.

उत्तरायणाचं वेगळं सांगायला हवं. आपल्या मराठी घरांत बोरन्हाण त्याच सुमारास, आणि आख्खं गाव पतंग उडवायला गच्चीवर. आम्ही हौसेने गच्चीवरच केलं, काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळं घातलं, आणि बोरं टाकणार तेवढ्यात बाजूच्या गच्चीवरून "काप्यो छे" म्हणून स्पीकर-थाळ्या वाजल्या की ती दचकून जी रडायला लागली ती शांत होईना, शेवटी आत खोलीत पंख्याखाली बसवून पुन्हा केलं. तेव्हा घरातच करा. आणि डोक्यावरून बोरं, हरभरे, ऊस टाकू नका, खाली पडलेलं सगळं तोंडात जातं, मुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या टाका, मुलं आनंदाने वेचतात. हलव्याचा दागिनाही फोटो झाला की काढा, नाहीतर चघळतात. त्या दोन दिवसांत बाळाला दुचाकीवर तर अजिबातच नाही, मांजा दिसत नाही.

कोणी रडण्यावर मोबाईल दाखवायला सांगेल, ह्या वयात स्क्रीन नकोच म्हणतात डब्ल्यूएचओवाले पण, पुण्याच्या आजीला व्हिडिओ कॉल ठीक. बाहेर रडलं तर मी आधी गर्दीतून बाजूला जातो, झाडाचं पान हातात देतो. दहापैकी सात वेळा चालतं. उरलेल्या तीन वेळा घरी.

येताना रिक्षात हमखास झोप लागते. घरी पोचल्यावर टोपी, बूट, झबलं काढायला जाऊ नका, हातपाय धुवायचे राहू द्या, कॅरियरसकट तसेच पलंगावर रेलून बसा आणि दाराची बेल आधीच बंद करून ठेवलेली असू द्या.