दूरशिक्षणात संचालकपदापर्यंत कसे जावे

दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाच्या क्षेत्रात नेतृत्वाची जबाबदारी घेऊ इच्छिणाऱ्याने पहिली दोन-तीन वर्षे अभ्यासकेंद्राच्या, म्हणजे दूरस्थ विद्यार्थ्यांना प्रवेश व मार्गदर्शन देणाऱ्या स्थानिक केंद्राच्या, कामात घालवावीत. नोकरी सांभाळून शिकणारा विद्यार्थी पहिल्या वर्षानंतर का गळतो, हे प्रवेशअर्ज तपासताना आणि रविवारच्या संपर्कसत्रातील (प्रत्यक्ष मार्गदर्शनाच्या वर्गातील) रिकामे बाक पाहताना जितके समजते, तितके कार्यालयातील तक्त्यांवरून समजत नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशा केंद्रांच्या जाळ्यावरच उभे आहे.

अध्यापनाच्या वाटेने जायचे असल्यास नेट, सेट (प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय व राज्य पातळीवरील पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी ही पात्रता आधी मिळवावी. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा दूरशिक्षणातील पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम तिला चांगली जोड देतो.

त्यानंतर स्वयं-अध्ययन साहित्य लिहिण्याचे काम मागून घ्यावे. माझ्या मते या व्यवसायाची खरी परीक्षा तेथेच होते. वर्गातील टिपणे टंकलिखित करून दिली म्हणजे घटक, म्हणजेच अशा साहित्यातील एक पाठ, तयार होत नाही. आरंभी उद्दिष्टे, दर दोन-तीन पानांनंतर विद्यार्थ्याने स्वतःच सोडवायचा प्रश्न, त्याखाली उत्तरासाठी कोरी जागा आणि घटकाच्या अखेरीस नमुना उत्तरे अशी त्याची बांधणी असते, कारण शंका विचारायला शिक्षक समोर नसतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरील अभ्यासक्रमांतही चित्रफितीबरोबर वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चामंच असतातच. महागडा स्टुडिओ उभारून या बाजू दुर्लक्षित ठेवणाऱ्या संस्था कमी नाहीत.

वरच्या पदासाठी नियमांची जाण अनिवार्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांविषयीचे विनियम मुळातून वाचावेत. मान्यतेशिवाय प्रवेश दिल्यास पदवीच्या वैधतेचा प्रश्न उभा राहतो आणि त्याची झळ विद्यार्थ्याला बसते. शिवाय अभियांत्रिकी किंवा वैद्यकाच्या पदव्या या पद्धतीने देता येत नाहीत. याच विनियमांनुसार स्थापन होणाऱ्या अंतर्गत गुणवत्ता हमी केंद्रात काम करण्याची संधी आली, तर ती सोडू नये, कारण साहित्य, परीक्षा, तक्रारी आणि निकाल यांचे धागे तेथे एकत्र येतात.

मूडलसारखी अध्ययन व्यवस्थापन प्रणाली (ऑनलाइन पाठ, गृहपाठ व गुण सांभाळणारे सॉफ्टवेअर) स्वतः हाताळता यावी, इतके तांत्रिक ज्ञान पुरेसे आहे. मुलाखतीला जाताना मात्र आपण हाताळलेल्या एका तुकडीची नोंद सोबत न्यावी: किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांनी गृहपाठ दिले, किती जण परीक्षेला बसले आणि गळती रोखण्यासाठी आपण नेमके काय केले.